पुढं न्या म्हणायच्या आधी लस तरी चालू करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

'उपचारापूर्वीच मृत्यू' ही ओळ पावसाळ्यात दरवर्षी तुमच्या पेपरात दोनचारदा तरी येते, साप चावल्याची बातमी असली की शेवटाला ती असतेच. कुठल्या उपचारापूर्वी, किती दवाखाने पालथे घातल्यावर, ते मात्र कधी छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

मी दुधाचा टेम्पो चालवतो, पहाटे गावोगावचे कॅन गोळा करायचे आणि चिलिंगला, म्हणजे दूध थंड करायच्या केंद्रावर, पोचवायचे हा धंदा. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात, रोप लावणीचे दिवस होते, बहिणीचा फोन आला रात्री तीनला की पोराच्या पोटात जाम दुखतंय. पोरगं अकरा वर्षाचं. सगळे लावणीवरनं दमून आलेले, खाली वाकळ टाकून झोपलेले. आधी वाटलं रात्री काय बाधलं असेल, म्हातारीनं ओवा दिला, पोट शेकलं. मी टेम्पो घेऊन पोचलो तवर पोरगं डोळं उघडीना. उठ की रे म्हटलं तर म्हणतंय उघडतोयच की मामा. पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि ते मान मागं टाकून त्या फटीतनं माझ्याकडं बघत होतं. ते बघणं अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

तालुका कुठला, दवाखाना कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, माझं कुणा डॉक्टरशी भांडण नाही. पहिल्या दवाखान्यात जे डॉक्टर होते त्यांनी बॅटरी मारून डोळे बघितले, पोटात दुखतंय आणि खाली झोपला होता एवढं ऐकलं आणि दोन मिनिटात सांगितलं की मण्यार चावलीय. जखम नाही, सूज नाही, तरी ओळखलं, मानलं पाहिजे. मण्यारीचं तसंच असतं म्हणे, दात बारीक, चावलेलं झोपेत कळत पण नाही. पण ओळखल्यावर पुढचं वाक्य काय तर 'आमच्यात व्हेंटिलेटर नाही, ताबडतोब पुढं न्या'. सापाच्या विषावरची लस आहे का विचारलं तर सिस्टर म्हणाल्या कपाटात आहे. पण दिली नाही. केसपेपर झाला, चिठ्ठी झाली, रेफर.

दुसऱ्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास. तिथं आम्ही येतोय हे कुणालाच माहीत नाही, कारण फोन कुणी केलाच नव्हता. चिठ्ठी वाचायच्या आधी परत पहिल्यापासनं, कधी चावला, कुठं चावला, साप बघितला का. अहो साप बघितला असता तर पोट शेकत बसलो असतो का. तवर पोराला थुंकी गिळता येईना, तोंडातनं लाळ गळायला लागली. तिथं एकदाची लस चालू झाली, दहा बाटल्या. मला वाटलं लहान पोराला एवढी कशी, तर डॉक्टर म्हणाले सापानं विष काय पोराचं वय बघून कमी सोडलं नाही, मोठ्याला जेवढी लस तेवढीच पोराला.

तिथनं १०८ नं कोल्हापूर. ही गाडी २०१४ पासनं आपल्या राज्यात आहे, सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, आणि तिच्यात नुसता ड्रायव्हर नसतो, डॉक्टर असतो. त्या डॉक्टरमुळं पोरगं वाचलं हे मी कुठंही सांगीन. वाटेत श्वास पार बारीक झाला तेव्हा त्यांनी तोंडावर मास्क दाबून ती रबरी पिशवी दाबायला सुरुवात केली, अंबू बॅग म्हणतात तिला. एका टप्प्याला मला म्हणाले मास्क मी धरतो, तुम्ही पिशवी दाबा, एक दोन तीन मोजायचं आणि दाबायची, छाती वर आली की सोडायची, जोरात दाबायची नाही. वीसेक मिनिटं मी दाबत होतो. रोज कॅन उचलणारे हात आहेत हो माझे, पण त्या पिशवीला थरथरत होते. पुढं चार दिवस व्हेंटिलेटरवर होतं पोरगं. आता धडधाकट आहे.

शेवटच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. लस ही रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते, जे विष आधीच मज्जातंतूंच्या टोकाला जाऊन चिकटलं ते लसीनं सुटत नाही, मग तिथं फक्त श्वास चालू ठेवायचा आणि शरीर पूर्ववत व्हायची वाट बघायची. म्हणजे लस जेवढी लवकर तेवढा उपयोग. म्हणजे ती पहिल्या दवाखान्याच्या कपाटात असताना आम्ही तिच्यापासनं लांब लांब पळत होतो, तेपण हेडलाईट लावून, हॉर्न वाजवत.

डॉक्टर लोक लस द्यायला का भितात ते पण विचारलं. घोड्याच्या रक्तापासनं बनते, त्यामुळं कुणाकुणाला रिॲक्शन येते, अंगावर पित्त उठतं, बीपी पडतं, दम लागतो. त्यावर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन आहे, ते भरून हाताशी ठेवायचं असतं, रिॲक्शन आली की लस थांबवायची, इंजेक्शन द्यायचं, पेशंट सावरला की परत लस चालू. हे सगळं सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे म्हणाल्या. पण रात्री तीनला एकटा डॉक्टर, एक सिस्टर, बाहेर पंधरा नातेवाईक, आणि रिॲक्शन येऊन काय बरंवाईट झालं तर हेच पंधराजण काचा फोडणार. मग तो तरुण डॉक्टर पुढं न्या म्हणणार नाही तर काय करणार. त्यातला एक नातेवाईक मी पण होतो आणि माझा पण आवाज त्या रात्री चढलाच होता, खोटं कशाला बोलू.

पण छोट्या जागी काही होत नाही हे मात्र पटत नाही. विंचू चावल्यावर प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी देऊन माणसं वाचतात हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या गावात काम करून दाखवलं, १९८६ ला लॅन्सेट या डॉक्टरकीच्या मोठ्या मासिकात छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडं काय मोठा आयसीयू होता? इमर्जन्सी मेडिसिन ही डॉक्टरकीची वेगळी शाखा म्हणून आपल्या देशात २००९ ला मान्य झाली, चांगलंच झालं, पण ते शिकलेले डॉक्टर वाडीवस्तीवर कधी येणार. तोवर आहे त्याच डॉक्टर-सिस्टरना अंबू बॅग आणि ॲड्रिनलिनचा हात बसवून द्या, दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या तोंडाला एकदा जास्तीचा. आमच्याकडं सीपीआर म्हटलं की लोकांना कोल्हापुरातला दसरा चौकाजवळचा त्या नावाचा सरकारी दवाखानाच आठवतो, हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची सीपीआर वेगळी हे मला पण त्या १०८ मध्येच कळलं, तर ते पण शिकवा, आम्हा ड्रायव्हर लोकांना पण.

आणि फोन. रेफर करायचंय तर आधी फोन करा हो. असा असा पेशंट निघालाय, लस किती वाजता चालू केली, श्वास कसा आहे, एवढंच. मी दूध नेताना चिलिंगला फोन करतो की गाडी लेट आहे, नासायच्या आत उतरून घ्या. दुधासाठी फोन होतो.

महापुरात तर हे आणखी अवघड. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याचा रस्ता बंद, २०१९ आणि २०२१ ला तर पुणे-बंगळूर हायवेच बंद होता शिरोलीजवळ. त्या दिवसांत 'पुढं न्या' म्हणजे कुठं न्या? आणि पाण्याच्या दिवसांतच साप घरात येतात. देशात वर्षाला अठ्ठावन्न हजाराच्या आसपास माणसं सर्पदंशानं मरतात असा अंदाज निघालाय २००० ते २०१९ चा. केंद्र सरकारनं २०२४ ला त्यासाठी योजना पण काढलीय, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. योजना चांगली असेल, मी वाचलेली नाही, माझं मागणं तिच्यापेक्षा बारीक आहे. जिथं पेशंट पहिल्यांदा पोचतो आणि विष चढल्याची लक्षणं दिसतायत, तिथंच पहिल्या दहा बाटल्या चालू करा, मग खुशाल पुढं पाठवा, सोबत पिशवी दाबणारा माणूस देऊन.

लोकांनी पण आवळपट्टी बांधणं, मांत्रिक, कडुलिंबाचा पाला चावून बघणं हे सोडावं, पण त्यावर तुमच्याकडं दरवर्षी लेख येतात त्यामुळं मी वाढवत नाही.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर माझ्या टेम्पोचं, चिलिंगचं सगळं कापा, पण दहा बाटल्यांचं आणि फोनचं तेवढं ठेवा.

आपला,
एक वाचक, दूध वाहतूकदार
जि. कोल्हापूर