देवमासे घटले, तर होड्याही घटाव्यात : मेक्सिकोच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यावरण व नैसर्गिक संसाधन मंत्री,
मेक्सिको सरकार

सादर नमस्कार.

मी आपल्या देशाचा नागरिक नाही. तरीही हे पत्र लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानतो, कारण आपल्या देशाच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरील एल व्हिस्काइनो येथील देवमाशांचे अभयारण्य 1993 पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि वारसा जगाचा म्हटला की त्याची विचारपूस करणारेही जगभरातून येणारच. विषय तेथील सान इग्नासियो लगूनमध्ये, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ, आडोशाच्या पाण्यात, आपणहून होड्यांजवळ येणाऱ्या करड्या देवमाशांचा, म्हणजेच ग्रे व्हेलचा, आणि त्यांच्याभोवती किती होड्या असाव्यात या नियमाचा आहे.

या देवमाशांच्या माद्या पिल्लांना जन्म देण्यासाठी आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत येतात. 1857 च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकन शिकारी याच अभयारण्यातील ओहो दे लिएब्रे या दुसऱ्या लगूनमध्ये शिरला, तेव्हापासून या आडोशाच्या पाण्यातच त्यांची कत्तल सुरू झाली. पिल्लाला जखमी करून आईला जवळ आणण्याची शिकाऱ्यांची रीत होती, आणि चवताळलेल्या आया होड्या फोडत म्हणून त्याच शिकाऱ्यांनी त्यांना ‘सैतान मासा’ ठरवले. ही धास्ती स्थानिक मच्छीमारांच्या मनात पुढे कित्येक पिढ्या राहिली. 1972 मध्ये फ्रान्सिस्को ‘पाचिको’ मायोराल या मच्छीमाराच्या होडीशी एक देवमासा घुटमळत राहिला, हलेचना, आणि अखेर मायोराल यांनी भीत भीत त्याला हात लावला. तेथून सगळे बदलले.

आज तेथे काय घडते हे आपल्याला ठाऊक आहेच, पण नियमांत ते दिसत नाही म्हणून लिहितो. होडीचालक इंजिन मंद ठेवून थांबतो. बारा-तेरा मीटर लांबीची मादी होडीच्या तळाखालून सरकत पलीकडे जाते आणि एवढ्या देहाचा होडीला साधा धक्काही लागत नाही. मग साडेचार मीटरचे पिल्लू नाक वर काढते. आईच्या अंगावर बार्नॅकलचे, म्हणजे कातडीला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे, पांढरट थर आणि त्यांच्या आजूबाजूला उवांसारखे किडे असतात, तर पिल्लाची कातडी अजून बरीच गुळगुळीत असते आणि जबड्यावरच्या बारीक खळग्यांतून एकेक राठ केस उभा दिसतो. कित्येकदा आईच पिल्लाला खालून उचलून होडीकडे ढकलते. ती असे का करते याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेही नाही. इंजिनाच्या आवाजाचे आकर्षण, अंगाची खाज, निव्वळ कुतूहल हे सगळे अंदाजच आहेत. तिला हवे तेव्हा ती येते आणि नको झाले की बुडी मारून निघून जाते, एवढे मात्र नक्की, आणि तिची ही मोकळीक राखणे हे सरकारचे काम आहे.

आपल्या देशाने ते काम पूर्वी चोख केले आहे. 1972 मध्ये ओहो दे लिएब्रेला आणि 1979 मध्ये सान इग्नासियोला संरक्षण मिळाले. सरकारचाच बहुतांश हिस्सा असलेल्या कंपनीचा जपानच्या मित्सुबिशीसोबतचा सान इग्नासियोच्या काठावरील अवाढव्य मिठागर प्रकल्प तत्कालीन राष्ट्राध्यक्ष झेडिलो यांनी मार्च 2000 मध्ये रद्द केला. स्वतःच्या फायद्यावर पाणी सोडणारे असे निर्णय सरकारे क्वचितच घेतात. सान इग्नासियोत एका वेळी 16 च होड्या देवमाशांजवळ असू शकतात, प्रत्येकीला वेळेची मर्यादा आहे आणि लगूनचा आतला भाग पर्यटकांसाठी बंद आहे.

अडचण अशी की 16 हा आकडा स्थिर आहे आणि देवमाशांचा आकडा स्थिर नाही. पूर्व पॅसिफिकमधील करड्या देवमाशांची संख्या 2016 मध्ये सुमारे 27,000 होती, 2025 च्या अमेरिकी अंदाजानुसार ती 13,000 च्या आसपास आहे. 2019 ते 2023 या काळात मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवर 690 देवमासे मृतावस्थेत वा मरणासन्न आढळले, त्यांतले अनेक हाडे दिसण्याइतके खंगलेले होते. आर्क्टिकचा बर्फ आणि समुद्रतळ बदलत असल्याने तेथील त्यांचे अन्न आटत आहे, आणि त्यावर आपल्या मंत्रालयाला काही करता येणार नाही हे मला समजते. पण बाहामध्ये मादी जवळजवळ काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवरच ती पिल्लाला दूध पाजते आणि पुन्हा उत्तरेला जाते. देवमासे निम्मे आणि होड्या तितक्याच, याचा हिशेब सरळ आहे : एका मादीच्या वाट्याला येणाऱ्या होड्या दुप्पट होतात. पर्यटक हात लावण्याच्या अपेक्षेने आलेला असतो, देवमासा दिसेनासा झाला की होडीचालकावर दडपण येते, आणि थांबून वाट पाहण्याऐवजी पाठीमागे जाण्याचा मोह तेथेच सुरू होतो.

म्हणून माझी विनंती अशी की होड्यांची कमाल संख्या कायमची न ठरवता, डिसेंबर ते एप्रिल या हंगामात लगूनमध्ये मोजल्या जाणाऱ्या माय-लेकरांच्या जोड्यांवरून दर पंधरवड्याला ठरवावी आणि ती मोजणी लोकांसमोर ठेवावी. खंगलेली मादी दिसल्यास तिच्यापासून सर्व होड्यांनी दूर व्हावे, असा स्पष्ट नियम असावा. ‘देवमाशाला हात लावायला मिळेलच’ अशी जाहिरात करणाऱ्यांचा परवाना रोखावा, कारण असे वचन देणे माणसाच्या हातात नाहीच. आणि त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या, देवमाशांच्या मॅग्डालेना उपसागरालाही तीच शिस्त लागू करावी.

याचा भुर्दंड होडीचालकांवर पडू नये. हंगामात मासेमारी बाजूला ठेवून याच कामावर घर चालवणारी ही माणसे आहेत, आणि देवमाशांवर सर्वांत बारीक नजर त्यांचीच असते. ज्या दिवशी त्यांच्या होड्या किनाऱ्यावर थांबवल्या जातील, त्या दिवशी त्यांना मोजणीच्या कामावर घ्यावे, त्याची मजुरी द्यावी आणि तो खर्च पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रवेशशुल्कातून भागवावा. पुढचा हंगाम डिसेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधी निदान सान इग्नासियोपुरता तरी हा बदल व्हावा.

कळावे,
आपला नम्र,
एक मराठी वाचक