ओंकारची बादली

टेमा, कम्युनिटी अकरा, घाना
१२ डिसेंबर

प्रिय सुमे,

दिवाळीला तुझा एवढा मोठा मेसेज आला आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसले, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव, भेटीत खाईन. आज लिहिते आहे कारण झालंय ते ह्यांना सांगून उपयोग नाही, हे हसतात. ताईला सांगावं तर ती "केंके म्हणजे काय गं?" इथपासून सुरू करेल, मग तिला आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, पानात बांधून शिजवलेले गोळे समजावत बसा. तुला थेट बादलीपासून सांगता येतं.

तब्येती ठीक. ह्यांची साखर गोळीवर, माझी पाठ आहे तिथेच आहे. हरमाटान, तो सहाराकडचा धुळीचा वारा, सुरू झालाय, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं.

तर मंगळवारी पहाटे साडेचारला फोन. पुण्याहून, ओंकारच्या होस्टेलचे रेक्टर. त्या वेळेला भारतातून फोन आला की पोटात काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचा मुलगा खोलीत हातभट्टी लावतोय."

मी आधी रडायला लागले, मग विचारलं, कशाची? तर म्हणे मक्याची. पलंगाखाली बादली, बादलीत आंबलेला लगदा, आणि गादीखाली कणसाच्या पानांचा गठ्ठा. पानांचं ऐकलं आणि माझं रडू थांबलं. अगं, पानं! आपल्या पोराने भुट्टेवाल्याकडून कणसाची पानं मागून आणून गादीखाली दाबून सरळ केली होती, आपली खालची केंकेवाली आंटी करते तशी. रेक्टरना मी अर्धा तास समजावलं की दारू नाही, जेवण आहे. ते म्हणाले, "असलं जेवण?" पुढे बादली मोरीत रिकामी झाली, ओंकारने लेखी माफी मागितली, विषय संपला. त्यांच्यापुरता.

तू आता हसत असशील, कारण इथे असताना हीच बादली तू माझ्या स्वयंपाकघरातून उचलून गच्चीवर नेऊन ठेवली होतीस आणि आपण पंधरवडाभर एकमेकींशी बोललो नव्हतो. वर मुसळधार पाऊस आणि माझं पीठ गच्चीवर! अजून माफ केलेलं नाही. आंटी मात्र अजून म्हणते की ते पीठ बिघडलं यात पावसाचा दोष नव्हता, मी पाणीच जास्त घातलं होतं. म्हातारी तुझीच बाजू घेते.

पण मला बादलीचं काही वाटलेलं नाही. रेक्टर बोलता बोलता एक सांगून गेले, की दाराच्या खालच्या फटीला ह्याने टॉवेल लावला होता. वास बाहेर जाऊ नये म्हणून. सुमे, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. इथे हा पोरगा शाळेच्या गणवेशात आंटीच्या बाकावर बसून, पानं सोडून, तळलेला मासा आणि असांक्यात, त्या मातीच्या खरबरीत वाडग्यात, रगडलेली मिरची घेऊन, चार ट्रोट्रो मिनीबस ड्रायव्हरांच्या मधोमध जेवायचा. कुणी बघतंय का, हा विचार त्याला कधी शिवला नाही. आणि आपल्याच गावात, आपल्याच भाषेच्या माणसांत जाऊन त्याने फट बुजवली. आठवतं ना, हिंगाच्या फोडणीला आपला घरमालक धावत आला होता, गॅस गळतोय का विचारायला? त्यानंतर आपण दोघी वरण करताना खिडक्या लावायचो. लावता लावता खिदळायचो, पण लावायचो. आपण दोघी होतो गं. हा एकटा आहे.

हे म्हणतात, "पोरगं घानाचंच झालं, त्यात काय!" आणि पेपर उघडतात. सासूबाईंना सांगलीला कळलं तर त्या म्हणतील, नेलंत ना लहानपणी तिकडे, भोगा. मला त्याला कुणाचा करायचाय हे मलाच कळत नाही. दसऱ्याला सांगलीला गेला तेव्हा भाकरी आवडीने खाल्ली, पण आजीने "अजून काय करू?" विचारल्यावर म्हणाला, काही नको, पोट भरलं. फोनवर मला म्हणाला, वजन थोडं उतरलंय. थोडं म्हणजे किती, ते सांगत नाही. जाताना दिलेली गारीची, कसाव्याच्या कंदाच्या भाजलेल्या रव्याची, पिशवी गणपतीतच संपली. पाण्यात साखर, दुधाची पावडर, शेंगदाणे घालून भिजवलेली गारी म्हणजे इथल्या प्रत्येक होस्टेलच्या पोराचा आधार, ट्रंकेत गारी आणि शिटोची, म्हणजे काळ्या तिखट चटणीची, बाटली नसेल तर आई कसली! शिटोही संपला.

म्हणून माझं मागणं ऐक. रविवारी त्याला तुझ्या घरी केंके करू दे. हो, तुझ्याच. ज्या बाईने माझी बादली फेकली तिच्याकडेच मी बादलीला जागा मागते आहे, देवाला विनोद कळतो.

त्याचं चुकलं कुठे ते आंटीला विचारलं. तिने कपाळाला हात लावला. ह्याने भुसार दुकानातलं कोरडं, पिवळ्या मक्याचं पीठ आणून कालवलं. मका पांढरा हवा, अख्खा, दोन दिवस भिजवून मग ओला दळायचा. मिक्सरमध्ये घालू देऊ नकोस, मोटर जाईल. तुझ्याकडे कोपऱ्यावर इडलीचं पीठ दळून देणारे असतील त्यांना विचार. दळल्यावर पाण्याचा हात लावून घट्ट मळायचं, भांड्यात दाबून बसवायचं, झाकायचं. इथे दोन-तीन दिवसांत आंबतं, पुण्याच्या थंडीत जास्त लागतील, ओट्याच्या उबेला ठेव. मका घेताना दाणे बघून घे. काळपट, बुरशी धरलेला एक दाणाही नको, मक्याच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आंबवून किंवा उकळून जात नाही. पिठावर बुरशी आली तर आंटी वरचं खरवडून पुढे चालू ठेवते. तू सरळ सगळं टाक, टाकण्यात तुझा हात सरावलेला आहे.

मग अर्ध्या पिठाची मोदकाच्या उकडीसारखी उकड काढायची, पाणी आणि मीठ घालून. हात दुखेपर्यंत घोटायची. इथेच ह्याचं काम, बसून राहू देऊ नकोस. ती गरम उकड उरलेल्या कच्च्या पिठात मळायची, गोळे करून पानांत गच्च बांधायचे आणि मोठ्या पातेल्यात दोन-अडीच तास शिजवायचे. मीठ आणि मक्याची पानं ही गा लोकांची, म्हणजे आपल्या आंटीची तऱ्हा. फांते लोकांची केंके केळीसारख्या प्लँटेनच्या पानात, बिनमिठाची, आणि जास्त टिकते. ओंकारला ती चालत नाही, एवढी चोखंदळ जीभ!

शिजलेले गोळे पानातच राहू देत, बाहेर तीन-चार दिवस सहज टिकतात. डुमसॉरच्या वर्षी, २०१५ला, वीज इतकी जायची की फ्रीजमधलं सगळं गेलं, आंटीची केंके तेवढी टोपलीत धडधाकट. फ्रिजच्या साध्या खणात ठेवू नकोस, थंडीने पिठातला स्टार्च आकसतो आणि गोळा विटेसारखा कडक होतो. आठवड्यावर ठेवायचं असेल तर फ्रीझर. खाताना बर्फ उतरायची वाट न बघता, पान न सोडता, अर्धा तास वाफेवर. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून. आणि तरीही एखादा कडक राहिलाच तर कुस्करून थंड पाणी, साखर, दूध, बर्फ, भाजके शेंगदाणे. आइस केंके. तुझ्या नातवंडांनाही आवडेल, होतील तेव्हा. (फुफूच्या, त्या उकडून कुटलेल्या कसाव्याच्या गोळ्याच्या, नादाला लागू नका. ते ताजंच कुटायचं आणि लगेच गिळायचं.)

जानेवारीत भाऊजी येताहेत, त्यांच्याबरोबर आंटीची तयार केंके, गारी आणि शिटो पाठवते. शिटोत सुकी मासळी आणि कोळंबी आहे, तेव्हा तुझ्या माळकरी सासूबाईंच्या नजरेला पडू देऊ नकोस. तेलात बुडालेला असतो, बाहेर कपाटात महिनोन् महिने राहतो. गारी मात्र त्यांना खुशाल दाखव. आणि एकादशीला आपला जुना वाद पुन्हा काढ: साबुदाणा कसाव्याचा, गारीही कसाव्याची, मग एक उपवासाला चालते आणि दुसरी का नाही? तू म्हणायचीस, गारी आंबवलेली असते म्हणून. अगं, तो कंद खणला की दोन-तीन दिवसांत आत निळाकाळा पडतो, किसून, आंबवून, पिळून, भाजून ठेवला नाही तर माणसांनी वर्षभर खायचं काय? सासूबाईंचा निकाल कळव.

ओंकारला तू बोलाव, मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. टॉवेलचं तर बोलूच नकोस. जेवताना त्याचं वजन तेवढं डोळ्यांनी बघ आणि मला खरं सांग, गोड करून नको.

रेवाचं ठरलं का? मुलगा नाशिकचाच ना? सोसायटीच्या लिफ्टचं झालं का, तुझ्या गुडघ्याला चार मजले म्हणजे शिक्षाच. बँकेतून खरंच मार्चमध्ये सुटतेस की मागच्यासारखं? हे सगळं नीट विचारायचं होतं, पण आंटी खाली हाका मारतेय, तिला पानं निवडायला माणूस हवंय.

तुझी,
नंदा

ता. क. ओला मका दळून देणारा मिळाला की आधी त्याला सांग, मका आहे म्हणून. नाहीतर दुसऱ्या दिवशी पेठेतल्या सगळ्या इडल्या आंबट आणि पुन्हा माझ्याकडे पहाटे फोन.