आधी फळ, मग बाटली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरी करायच्या उन्हाळी कॉकटेलवर पानभर मजकूर आला. मराठी वर्तमानपत्रानं हा विषय नाक न मुरडता छापला याचा मला मनापासून आनंद झाला. पुण्याच्या कॅम्पातल्या एका हॉटेलच्या बारमागे उभं राहूनच मी संसार केला, मुलांची शिक्षणं केली. म्हणूनच त्या पानावरच्या कृती वाचून गप्प बसवेना. मे महिन्याच्या अखेरीला स्ट्रॉबेरी, खोक्यातला क्रॅनबेरीचा रस, निळं सिरप, आणि मद्याचं माप काय, तर ‘आवडीनुसार’! त्याच दिवशी मंडईत करवंदं होती, कोकमाचे रातांबे होते, पहिली जांभळं आली होती, कैऱ्यांचे ढीग लागले होते आणि हापूस परवडेल अशा भावाला उतरला होता. यातलं एकही फळ त्या पानावर नव्हतं.

घरी कॉकटेल करायचं तर आधी त्या महिन्याचं फळ बघावं आणि बाटलीचा विचार शेवटी करावा, असं माझं ठाम मत आहे. हॉटेलात आम्हाला हे करता येत नसे. पेयांचं कार्ड बारा महिने एकच, आणि जानेवारीत प्यायलेली चव गिऱ्हाइकाला जुलैतही तशीच हवी. त्यामुळे डबे फोडायचे आणि सिरप ओतायचं. घरावर अशी सक्ती नसते. परदेशातली नावाजलेली पेयंसुद्धा मोसमातूनच आली आहेत. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी 1948 च्या सुमारास पांढऱ्या पीचचा गर आणि तिथली फसफसती वाइन एकत्र करून बेलिनी बनवलं, आणि सुरुवातीला ते पीचच्या दिवसांतच मिळायचं. पुण्याच्या चारी बाजूंना फळांचा मुलूख आहे. आपण खोक्यातला रस का आणायचा?

बारमध्ये नव्या पोराला पहिल्यांदा शिकवतात तो हिशेब असा: दोन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड. पांढरी रम, लिंबू आणि साखर घेतली की क्यूबाचं डायकिरी झालं. हे प्रमाण हातात बसलं की कुठलंही फळ घेता येतं, फक्त त्या फळाची गोडी आणि आंबटपणा चाखून बाकीचं कमी-जास्त करायचं. आपल्याकडे लोकांचं गणित चुकतं ते इथेच. हापूस मुळात गोड, त्यात वर साखर आणि आंब्याचा ज्यूस घालतात आणि मग पेय जड होऊन घशाखाली उतरत नाही. हापूसचा गर दोनच चमचे घ्यावा, साखर अजिबात नको, आणि आख्खं लिंबू पिळावं.

सगळ्यात सोपं पन्ह्याचं. कैरी उकडून केलेल्या घट्ट पन्ह्यात आंबट, गोड, मीठ, वेलची हे सगळं आधीच जुळलेलं असतं. त्यात 45 मिली काळी रम आणि भरपूर बर्फ घातला की झालं. पन्हं गुळाचंच हवं. गूळ उसाचा आणि रमही उसाच्याच मळीची, त्यामुळे दोन्ही चवी एकमेकींत सहज मिसळतात. साखरेच्या पन्ह्यात रम वेगळी आणि तिखट लागते.

रातांब्यांना थोडी तयारी लागते. माझी पत्नी सावंतवाडीकडची, तिच्या माहेरची ही पद्धत. रातांबे अर्धे कापून आतला गर-बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थरावर थर रचायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. साखर विरघळत जाते तसा लाल पाक सुटतो. हा पाक गोडही आणि आंबटही, म्हणून लिंबू लागत नाही. 30 मिली पाक, 45 मिली व्होडका किंवा पांढरी रम, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव आणि वर थंड सोडा. सोडा घातल्यावर चमच्यानं नुसतं ढवळायचं, झाकण लावून खळखळवायचं नाही.

जांभळाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण एवढं सुंदर फळ आणि त्याचं पेय करणारे इतके थोडे. टपोरी, पूर्ण काळी झालेली जांभळं घ्यावीत. मीठ चोळून थोडा वेळ ठेवावीत, मग हातानंच कुस्करून चाळणीवर घासावीत. मिक्सर नको. बी फुटली की तुरटपणा असा उतरतो की कितीही साखर घातली तरी जीभ ओढली जाते. गर खाली पडतो तो काळपट जांभळा, थोडा चिकट, बघून कोणाला फार आशा वाटणार नाही असा. तो दोन-तीन चमचे काचेच्या ग्लासात घ्यावा, बर्फ आणि 45 मिली जिन घालावी, चमचाभर साखरेचा पाक घालावा आणि मग सगळ्यांसमोर लिंबू पिळावं. रस पडतो तिथून रंग पालटायला लागतो. काळपट जांभळा आधी किरमिजी होतो, मग एकदा ढवळलं की आख्खा ग्लास लाल. जांभळातलं रंगद्रव्य आंबटात लाल होतं, एवढंच त्यामागचं कारण, पण बघणारे दर वेळी पुढे सरकतात. जिनला जिच्यामुळे वास येतो त्या जुनिपरच्या फळाच्या वासाला जांभळाचा तुरटपणा इतका शोभतो की मला या जोडीहून चांगली जोडी माहीत नाही.

करवंदांनाही हीच कृती चालते. फक्त देठाचा चीक जाईपर्यंत ती पाण्यात ठेवून दोनदा धुवावीत. मुळशीच्या किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर पानांच्या द्रोणात मिळतात ती घ्यावीत, विकणाऱ्या बाईंशी घासाघीस करू नये.

पुढच्या महिन्यांचं थोडक्यात सांगतो. श्रावण-भाद्रपदात पुरंदरची सीताफळं येतात. गर हातानं काढावा, बी फुटू देऊ नये, गर गरम करू नये कारण तो कडू होतो. थंड दूध आणि ब्रँडीबरोबर तो फार छान लागतो. दूध असल्यामुळे लिंबू वर्ज्य. थंडीत पुरंदरचंच अंजीर. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजही पुण्यातली माणसं ते नुसतं खाण्यापलीकडे वापरत नाहीत. ते जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, म्हणून आणलं त्याच संध्याकाळी मध आणि लिंबू घालून चेचावं आणि व्हिस्कीत मिसळून गाळावं. स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, महाबळेश्वर-पाचगणीची. मोसंबीचा रस काढल्या काढल्या वापरावा, ठेवला तर कडवट होतो. महाशिवरात्रीला कवठ मिळतं, त्याचा गर गुळात कालवून काळ्या रममध्ये. हे तर कुठल्याच कार्डावर मी पाहिलं नाही.

साधनांसाठी अडून बसू नये. शेकर, म्हणजे पेय खळखळवून मिसळायचं झाकणाचं भांडं, नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते. बर्फ मात्र मोठा हवा. ट्रेमधले चिमुकले तुकडे भराभर वितळून पेय पाणचट करतात. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून निघणारा गोळा पुष्कळ वेळ टिकतो.

आता मापाचं. यावर आपल्या पुरवणीनं ‘आवडीनुसार’ लिहायला नको होतं, आणि हे मी काळजीनं लिहितो आहे. फळ आणि साखर मद्याचा तिखटपणा झाकतात. व्हिस्की पिणारा घोटाघोटाला थांबतो, आंब्याचं किंवा पेरूचं पेय घेणारा तहान भागवल्यासारखा ग्लास संपवतो, हे मी वर्षानुवर्षं समोर बघितलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक रम-जिन-व्होडकाच्या बाटल्यांवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 60 मिलीच्या एका मोठ्या पेगात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. गोड ग्लासातही तेवढंच जातं, फक्त जिभेला कळत नाही. म्हणून फळाच्या पेयात ग्लासामागे 45 मिलीच्या वर जाऊ नये. पेग मेजर घरात नसेल तर खोकल्याच्या औषधाचं आकडे असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरावं, पण मोजावं.

आणि मद्य जगमध्ये कधीही ओतू नये. जगमध्ये फक्त फळ, लिंबू, पाक, पाणी. मद्य ज्याच्या त्याच्या ग्लासात, यजमानानं स्वतः मोजून. जांभळाचं सरबत आणि जांभळाचं कॉकटेल रंगानं ओळखू येत नाही. घरात मुलं असतात, न पिणाऱ्या मावशी-आत्या असतात, औषधं घेणारे असतात. जग बिनमद्याचा ठेवला की मद्याची धास्ती न बाळगता त्यातलं कोणीही घेऊ शकतं, आणि न पिणाऱ्या माणसाला बाटलीबंद कोला न मिळता सगळ्यांसारखंच ताजं पेय मिळतं. माझ्या मते पाहुणचार म्हणजे हाच.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, हे त्या पानावर एका ओळीत द्यायला हवं होतं. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गाडी चालवणं गुन्हा आहे, हेही. पुण्यात निम्मे पाहुणे दुचाकीवर येतात. त्यांना परत रिक्षानं पाठवायचं हे आमंत्रण देतानाच ठरवावं.

आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत दर महिन्याला एक फळ घ्यावं, मंडईत आणि मार्केट यार्डात त्या आठवड्यात खरोखर मिळणारं, आणि त्याची कृती मिलिलिटरमध्ये द्यावी, आधी मद्याविना आणि मग मद्यासह. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधनाची अपेक्षा नाही. सुरुवात जांभळापासून करणार असाल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच छापा. पाऊस धरला की फळ फुटतं, पाणचट होतं, आणि मग वर्षभर थांबावं लागतं.

आपला,
बारच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक,
बिबवेवाडी, पुणे