प्रवेशाच्या दारात अडलेल्या मुलांसाठी फी-निधी : वाचनालयाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत दोन वर्षं नेमाने येणाऱ्या एका मुलीचा गेल्या वर्षी इंजिनीअरिंगला नंबर लागला. कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, स्वतःच्या गुणांवर. उत्पन्नाचा दाखला तयार होता, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही होतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. तरी कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आत्ता सगळी फी भरा, शासनाकडून आली की परत मिळेल." शिवाय वसतिगृह, मेसचं डिपॉझिट, आणखी कसली कसली शुल्कं. वडिलांनी त्या कागदावर एकेका ओळीवरून बोट फिरवलं, बेरजेपाशी थांबले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. प्रवेश निश्चित करायला दोन दिवस उरले होते. आईच्या बांगड्या गहाण पडल्या तेव्हा प्रवेश झाला. वर्ष संपत आलं तरी शासनाची रक्कम खात्यात जमा झालेली नव्हती, व्याज मात्र दर महिन्याला चालूच होतं.

आम्हाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती अभ्यासिकेत आमच्या डोळ्यांसमोर बसत होती, पण ना तिने सांगितलं ना आम्ही विचारलं. हे आम्हाला फार लागलं, म्हणून हे पत्र.

फी दरवर्षी वाढते आहे, हे आपण सगळेच पाहतो. शासनाच्या सवलती आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी. पण व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला माफी नाही. खासगी अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठांतही ती लागू नाही. राहण्या-जेवणाचा, पुस्तकांचा बराचसा खर्च घरच्यांनाच करावा लागतो. शैक्षणिक कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, प्रवेशाची मुदत तोवर थांबत नाही. ज्याच्या घरी ऐनवेळी लाखभर रुपये निघतात त्याचं मूल आत जातं, ज्याच्या घरी निघत नाहीत त्याचं "पुढच्या वर्षी बघू" म्हणून कामाला लागतं. गुण दोघांचे सारखेच असतात. हा सरळ अन्याय आहे.

1882 साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. मग आजही एखाद्या आईला त्याच कारणासाठी अंगावरचं सोनं काढावं लागतं, हे आपल्याला कसं चालतं?

वाचनालयाने यंदापासून फिरता फी-निधी उभा करायचं ठरवलं आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची कागदपत्रं समितीतले दोघे जण पाहतील आणि त्याच दिवशी थेट कॉलेजच्या नावे धनादेश निघेल. शिष्यवृत्ती खात्यात आली की तेवढी रक्कम त्याने निधीत परत करायची. व्याज नाही, जामीनदार नाही. वसतिगृह-मेससाठी दिलेले पैसे नोकरी लागल्यावर जमेल तसे फेडायचे. टक्केवारी आम्ही विचारणार नाही, प्रवेश मिळाला एवढं पुरे. आणि एक गोष्ट आम्ही पक्की ठरवली आहे : कोणत्याही मुलाला मंचावर बोलावून, फोटो काढून मदत दिली जाणार नाही. त्याचं नाव समितीबाहेर जाणार नाही. जमाखर्चाची वही मात्र कोणाही देणगीदाराला कधीही पाहता येईल.

पैशांइतकीच माणसंही हवी आहेत. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज, आधार कार्ड बँक खात्याशी जोडलेलं नाही, दाखल्यावर आणि मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, एवढ्याशा कारणांनी अडकून पडतो. निवृत्त शिक्षक, कॉलेजच्या कार्यालयात काम केलेले, बँकेतले लोक यांनी जून-जुलैमध्ये आठवड्यातली एक संध्याकाळ दिली तरी कितीतरी अर्ज सुटतील. पुण्या-मुंबईत, नागपुरात ज्यांची घरं आहेत त्यांनी वसतिगृह मिळेपर्यंत महिनाभर एका मुलाला किंवा मुलीला राहू दिलं, तर त्या मुलाच्या घरच्यांना तो केवढा आधार होईल!

कॅपची पहिली यादी लागायच्या आत निधी हाताशी असायला हवा. पावतीपुस्तक वाचनालयाच्या काउंटरवर ठेवलं आहे. रोख, धनादेश, दरमहा थोडी थोडी रक्कम, जसं जमेल तसं द्या. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. आणि आपल्या गल्लीत, नात्यात फीसाठी अडलेलं एखादं मूल असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा. ते संकोचून येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही त्याच्या घरी जाऊ.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय