मळ्यातली दुनळी

महोदय,

चोरीच्या बातम्या वाढल्या की आमच्या रावेर-यावलकडे मळ्यात राहणारी माणसं बंदुकीच्या परवान्याची चौकशी सुरू करतात. केळीच्या बागेतलं घर, शेजारी अर्ध्या मैलावर आणि रात्री वीज नाही. भीती खरीच असते. माझ्या घरी वडिलांच्या काळापासून परवान्याची १२ बोअरची दुनळी, म्हणजे छर्रे उडवणारी दोन नळ्यांची बंदूक आहे, म्हणून लिहितो.

छर्रे पसरतात, नेम धरायची गरज नाही, हा समज सोडा. खोलीच्या अंतरात छर्रे वीतभरही पसरत नाहीत, नेम धरावाच लागतो. पत्र्याच्या किंवा कुडाच्या भिंतीतून मात्र ते आरपार जातात. पलीकडे लेकरं झोपलेली असतात! अंधारात आधी बॅटरी लावा, हाक मारा, माणूस ओळखा. पाण्याची पाळी धरून परतलेला सख्खा भाऊही असू शकतो. बोट चापावर ठेवून घरभर फिरू नका. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार संरक्षणासाठी किमान २० इंच लांब आणि आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. त्यासाठी रीतसर अर्ज करा, राज्याच्या सीमेपलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याच्या नादी लागू नका. स्वसंरक्षणाचा हक्कही गरजेपुरताच आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसत नाही. आणि लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

पोलिसांनी तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारकांसाठी वर्षातून एकदा तरी सराव ठेवावा, ही विनंती.

— एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव