आई, शिरांपेक्षा घोट्याची काळजी घे

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "रोज तेल चोळते गं, पण शिरा काही बसत नाहीत." त्या तेलाने पायावरच्या या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, बसणारच नाहीत, आणि हे तुला कुणीतरी नीट सांगायला हवं म्हणून हे पत्र.

पायातल्या रक्ताला वर हृदयाकडे चढावं लागतं. त्यासाठी शिरांमध्ये लहान लहान झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. वर ढकलण्याचं काम पोटरीचं. चालताना पोटरी आवळली की रक्त वर सरकतं. वयामुळे, बाळंतपणांमुळे, वर्षानुवर्षं उभं राहिल्यामुळे, शिवाय आजीलाही होतंच तसं घराण्यातून आल्यामुळे या झडपा सैल होतात. मग रक्त खाली उतरून साचतं आणि शीर ताणून ताणून वेडीवाकडी होते. सैल झालेली झडप तेलाने, लेपाने किंवा काढ्याने पुन्हा घट्ट होत नाही. घरच्या उपायांनी शीर नाहीशी होत नाही, पण तिच्यावरचा भार नक्की कमी होतो. आणि संध्याकाळी पाय जड होणं, ठणकणं, सुजणं हे सगळं त्या भाराचंच आहे.

त्यातला सगळ्यात मोठा उपाय चालण्याचा आहे. माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्यापाशी शिरेतला दाब 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. निरोगी पायात चालायला लागलं की तो 30 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. तुझ्या पायात तेवढा उतरणार नाही, पण नुसतं उभं राहण्यापेक्षा चालणं केव्हाही बरं. ओट्याशी उभी असशील तेव्हा टाचा वर-खाली करत राहा. बसल्या जागी पावलं पुढे-मागे कर. एका जागी पाय लोंबकळत ठेवून तासभर बसणं टाळ, मग ते टीव्हीपुढे असो नाहीतर प्रवासात.

पाय वर ठेवतेस म्हणतेस, पण ते स्टुलावर. स्टुलावरचा पाय हृदयाच्या खालीच राहतो. आडवी हो आणि पोटरीखाली उशा घालून पाय छातीपेक्षा वर घे, पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एवढ्याने संध्याकाळची सूज कमी होते की नाही, तूच बघ.

आता मोज्यांबद्दल. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जचा दाब घोट्याला सर्वांत जास्त असतो आणि वर जाताना कमी होत जातो, म्हणून ते मापानेच घ्यायचे. एकदा घालून "चढतच नाहीत" म्हणून तू ते कपाटात टाकलेस. ते सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच चढवायचे असतात, पायात सूज उतरण्यापूर्वी. मोजा टाचेपर्यंत उलटा कर, पाऊल आत घाल, टाच बरोबर टाचेच्या जागी बसव आणि मग वर उलगडत जा. सुरकुती ठेवू नकोस आणि वरचा काठ दुमडू नकोस, तिथेच करकोचा पडतो. रात्री काढून ठेवायचे. आणि बाबा, आईचे मोजे तुम्ही घालून बघू नका. तुम्हाला मधुमेह आहे. धमन्यांमधून पायात रक्त कमी येत असेल तर हा दाब घातक ठरतो, म्हणून पायांची तपासणी झाल्याशिवाय तुम्ही या वाटेला जाऊच नका. आईचीही ती तपासणी मोजे वापरण्याआधी होऊ दे.

तेल तू हलक्या हाताने लावलंस तर त्वचा मऊ राहील, खाज कमी होईल, तेवढा उपयोग आहे. पण शिरेवर जोर लावून रगडू नकोस. एखाद्या जागी शीर कडक, गरम आणि दुखरी लागली तर तिथे हातही नको, डॉक्टरांनाच दाखव. गरम पाण्याचा शेक बंद कर, उष्णतेने शिरा आणखी पसरतात. ॲपल सायडर व्हिनेगरच्या पट्ट्या तर नकोच नको, तुझ्या पातळ त्वचेवर त्या भाजल्यासारखा चट्टा उठवतील. हॉर्स चेस्टनटच्या बियांच्या अर्काने थोड्या काळासाठी दुखणं आणि सूज कमी होत असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, पण कच्ची बी विषारी असते आणि अर्काचंही रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी जमत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागवू नका.

आणखी एक. तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीत ॲम्लोडिपिन आहे का, ते बाबांना पाकिटावर वाचायला सांग. त्यानेही घोटे सुजतात. गोळी मनाने बंद करू नकोस, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाल.

मला खरी भीती शिरांची नाही. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जी त्वचा तपकिरी झाली आहे आणि जिथे तू दुसऱ्या पायाच्या टाचेने खाजवतेस, त्या जागेची आहे. साचलेल्या रक्तातलं लोह त्वचेत उतरून तो डाग पडतो. पुढे तिथली कातडी कडक होते, आणि एका ओरखड्याने अशी जखम होऊ शकते की महिनोन्महिने भरत नाही. तिथे खाजवू नकोस, साधं मलम लाव आणि रोज उजेडात ती जागा बघ.

बाबा, हे तुमच्यासाठी. शीर फुटून रक्त आलं तर आईला लगेच आडवं करा, पाय वर धरा आणि स्वच्छ कापडाने घट्ट दाबून ठेवा, मधे मधे उचलून बघू नका. थांबलं नाही तर दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजला, दुखला, तापला तर त्याच दिवशी दाखवा. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळात, माझ्या फोनची वाट बघत बसू नका.

त्वचेचा रंग बदलला आहे म्हणजे आता घरच्या उपायांवर थांबून चालणार नाही. पायाचं डॉपलर करून घ्यायचं. ती सोनोग्राफीच आहे, दुखत नाही. कोणती झडप गळते ते त्यात कळतं. आई, ऑपरेशनच्या धास्तीने तू टाळतेस, पण आता लेसरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने खराब शीर आतून बंद करतात, बहुतेक वेळा जागा बधिर करून, आणि त्याच दिवशी घरी सोडतात. आतल्या, खोलवरच्या चांगल्या शिरा रक्त वाहून नेतात, त्यामुळे ती शीर बंद झाली तरी पायाचं अडत नाही.

डॉपलरची वेळ मिळाली की तारीख कळवा, मी रजा टाकून येते. तोवर बाबा, आईच्या त्या घोट्याचा फोटो उद्या सकाळी उजेडात काढून पाठवा.

तुमची लेक