बटणं नसलेला बेंजो

विन्स्टन-सेलम, नॉर्थ कॅरोलायना
15 जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बेंजो शिकतोयस म्हणे, बटणं किती आहेत त्याला?" मी हसत सुटलो आणि तेवढ्यात फोन कट झाला. म्हणून हे पत्र. मोबाइलवर पाठवलं की तुम्ही 'चष्मा नाही' म्हणून बाजूला ठेवता, तेव्हा दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

तर बटणं एकही नाही. तुम्ही वरातीत वाजवायचात तो बटणांचा बेंजो मूळचा जपानी. 1912 साली नागोयातल्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं काढलेल्या वाद्याचा तो वंशज, नाव तेवढं इथल्या वाद्याचं. इथला बँजो म्हणजे डफाला लांब दांडी जोडलेली समजा. ताणलेल्या कातड्यावर घोडी, तिच्यावरून पाच तारा. पाचवी सगळ्यात आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्यातच बसवलेली. तिच्यावर बोट दाबायचंच नाही, अंगठ्यानं नुसती छेडत राहायची. म्हणजे तुणतुणं! गोंधळात मागे उभा राहून एकजण टुणटुण करतो ना, तो माणूस इथे वाद्याच्या आतच बसलाय.

उजव्या हाताची बोटं आत वळवायची, आणि नखाच्या पाठीनं तार वरून खाली मारायची. धा-तिट, धा-तिट, असं चालू राहतं. माझं नख भांडी घासताना दोनदा तुटलं. इथे काहीजण टेबलटेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवतात. तो माझा टिकेना, म्हणून शेवटी बायकांच्या नेल पार्लरमध्ये जाऊन एकाच बोटाला खोटं नख लावून आलो. हे आईला सांगू नका. नाहीतर सांगा, हसू दे तिला.

मला वाटायचं हे गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य. तसं नाही. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते इथे घडवलं. सेनेगल-गांबियाकडे अकोंटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य अजून आहे, आणि तेही असंच नखानं खाली मारून वाजवतात. आमच्या पूर्वेला मेबेन नावाचं गाव आहे. तिथे जो थॉम्पसन (1918–2012) हे कृष्णवर्णीय फिडलवादक राहायचे (फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच). फर्निचरच्या कारखान्यात नोकरी, फिडल बापाकडून शिकलेलं, आणि चुलतभाऊ ओडेल बँजोवर साथीला. 2005 पासून तीन तरुण त्यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. त्या तिघांचा बँड पुढे ग्रॅमीपर्यंत गेला. शिकवणं म्हणजे काय, तर म्हाताऱ्यानं वाजवायचं आणि पोरांनी मागून वाजवायचं.

कागद या लोकांना चालतच नाही. पहिल्या दिवशी मी इंटरनेटवरून आकडे काढून नेले होते, कुठली तार, कुठलं घर. शेजारच्या आजीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गेली पन्नास वर्षं फिडल वाजवणाऱ्या. त्यांनी काही न बोलता माझा कागद उलटा केला आणि त्यावर आपला कॉफीचा कप ठेवला.

मागच्या आठवड्यात त्यांच्याच गाडीतून माउंट एअरीला गेलो होतो. दर जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारकडे तिथे फिडलवाल्यांचा मेळावा भरतो. स्टेजवर स्पर्धा असते, पण तिकडे बघतो कोण! खरी मजा तंबूंच्या मधल्या गवतात. घडीच्या खुर्च्या, पाच-सहा जणांचं रिंगण, दोन फिडल, एक बँजो, गिटार, मोठा बास. सगळे मिळून एकच चाल वाजवतात, कुणी एकटा पुढे येऊन हात दाखवत नाही. चालीचे दोन भाग. वरच्या सुरातल्याला 'बारीक' म्हणतात, खालच्याला 'जाडा'. प्रत्येक भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. अशी पंधरा-वीस आवर्तनं. आपल्या भजनात शेवटी गजर चढतो तसं होतं, माणूस मोजणंच सोडून देतो. थांबायचं कसं, तर म्होरक्या फिडलवाला एक पाय उचलून पुढे धरतो. तो पाय दिसला की हे शेवटचं. मला तो दिसलाच नाही. सगळे थांबले आणि मी एकटा धा-तिट करत राहिलो. वरातीत जनरेटर बंद पडल्यावर तुमचा ताशावाला असाच पुढे निघून जायचा, आठवतं?

एकदा पेटीची पांढरी सहा लावली की तास-दीड तास त्याच पट्टीत. कारण पट्टी बदलायची तर बँजोवाल्याला खुंट्या पिळत बसावं लागतं. आणि या पट्टीत फिडल कसं लावतात माहितीय? सा-प-सा-प! आपल्याकडे दक्षिणेतले व्हायोलिनवाले लावतात अगदी तसं. मी आजीबाईंना सरगमात म्हणून दाखवलं, त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं.

माउंट एअरीला लागूनच टोस्ट नावाचं गाव आहे. (हो, चहात बुडवायचा टोस्ट.) तिथे टॉमी जॅरेल राहायचे, 1901 चा जन्म. आयुष्यभर रस्ते खात्यात ग्रेडर चालवला. निवृत्तीनंतर त्यांच्या दारात दूरदूरची पोरं टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागली. ते पोरांना जेवू घालायचे, ठेवून घ्यायचे आणि वाजवून दाखवायचे. 1985 मध्ये ते गेले, पण त्यांच्या चाली त्या रात्री निदान तीन तंबूंतून ऐकू येत होत्या. आणि बाबा, तुम्ही काय करायचात? नवी चाल दुसऱ्या बेंजो पार्टीला कळू नये म्हणून मे महिन्यात खिडक्या लावून प्रॅक्टिस! मी दाराबाहेर राखणीला.

आता खरं काम सांगतो. रात्री अकराच्या सुमाराला आजीबाई म्हणाल्या, तुझ्याकडची एखादी होऊ दे. मी तुमची हळदीतली चाल धरली. नवरीला बाहेर आणताना वाजवायचात ना, ती. फिल्मी नाही, तुमची स्वतःची. पहिल्यांदा सगळे ऐकत राहिले. दुसऱ्या फेरीला गिटारवाल्याला ठेका सापडला, चौथ्या फेरीला आजीबाईंनी ती फिडलवर उचलली. गंधार थोडा सरकलेला होता, पण चाल तीच. लालबागची हळद, बाबा, आणि समोर पेट्रोमॅक्ससारखा एक कंदील. मी खाली बघूनच वाजवत होतो.

मग त्यांनी विचारलं, ही कुणाकडून घेतलीस? इथे तशी रीतच आहे. चालीबरोबर माणसाचं नाव सांगायचं. मी तुमचं नाव सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढचा प्रश्न, "याचा बारीक भाग कुठाय?"

मला येईना. वर जाते, मग पंचमावर थांबते, पुढे अंधार. डीजे आल्यावर पार्टी मोडली तेव्हा मी आठवीत होतो, आणि तो भाग तुम्ही एकटेच वाजवायचात.

तेव्हा माळ्यावरून बेंजो काढा. तारा गंजल्या असतील, दादाला नव्या आणायला सांगा. ॲम्प्लिफायर नको. मोबाइल डब्याला टेकवून ठेवा, पंखा बंद करा, आणि दोन्ही भाग सावकाश, चार-चार वेळा वाजवा. चुकलं तर चुकू दे, पुसू नका. जुलैच्या पहिल्या रविवारी आजीबाईंच्या ओसरीवर पुन्हा बसायचंय.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, बारक्याला पापा.

तुमचा,
संतोष

ता. क. – खिडक्या उघड्या ठेवल्यात तरी चालेल.